शहाण्णव मिनिटं

ताई आली ती नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास. आल्या आल्या हातातली पिशवी तिने टेबलावर रिकामी केली नाही, खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवली. एवढ्यावरून सुनेने ओळखलं, अर्जाची बातमी नणंदेपर्यंत पोचली आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई आणि तिचा नवरा दुपारच्या जेवणाला येत, हे सूनबाई या घरात यायच्या आधीपासून ठरलेलं होतं. खाली काट्यांचं वर्कशॉप, वर राहतं घर. वर्कशॉपमध्ये सासरे आणि नवरा वजनकाटे तपासून, दुरुस्त करून देत. औषधांच्या दुकानांचे, सोनारांचे, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचे. ताईने मात्र लहानपणीच काट्यांकडे पाठ फिरवली होती आणि आता ती पहिली ते तिसरीच्या वर्गांची प्रमुख होती. मुंगी त्याच शाळेत दुसरीत होती. मुंगी म्हणजे सुनेची मुलगी. जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची होती, आजोबांनी वजन करून नाव ठेवलं ते चिकटलं.

"बाबा कुठे?" ताईने विचारलं.

"खाली. काटा लावलाय, पाच मिनिटांत येतील."

"आणि मुंगी?"

"आत. पोट दुखतंय म्हणाली."

"रविवारी दुपारी?"

"उद्याचा गृहपाठ आहे ना," सून म्हणाली. तिने ते सहज म्हटलं होतं, पण ते सहज वाटलं नाही.

दाजी मागून जिना चढत होते. ताईचा नवरा बस चालवायचा आणि घरात सगळेच त्याला दाजी म्हणत. "मी शाळेत असताना माझं पोट दहा वर्षं दुखत होतं," ते दारातूनच म्हणाले. "शेवटी शाळा सोडली, पोट बरं झालं."

कोणी हसलं नाही. दाजींनी दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि बूट काढायला नको इतका वेळ लावला.

जेवणाची पानं मांडली गेली. सासरे वर आले, हात दोनदा धुतले. त्यांच्या पाठोपाठ नवरा आला. बहीण काही बोलत नाही हे त्याच्याही लक्षात आलं, आणि त्याने जे नेहमी करायचा ते केलं: भाजीचं पातेलं जवळ ओढलं. या माणसाचा स्वभाव असा की दोन पारडी खालीवर झाली की हा मधला काटा होऊन उभा. सुनेला लग्नानंतर काही वर्षं हा समतोल वाटत असे. आता तिला त्याला दुसरा शब्द सापडला होता, पण तो तिने अजून उच्चारला नव्हता.

मुंगी आली, आजोबांच्या शेजारी बसली, दोन घास खाऊन "झालं" म्हणाली आणि आत गेली.

ती गेल्यावर ताईने पिशवीतून एक कागद काढला.

"शुक्रवारी कार्यालयातून मला हे दिलं. पहिली ते तिसरीचा गृहपाठ पूर्ण बंद करावा. सदतीस पालकांच्या सह्या. उद्या सकाळी समितीपुढे. खाली पहिली सही कुणाची आहे ते मी वाचून दाखवायला पाहिजे का?"

"नको," सून म्हणाली. "माझी आहे. अर्जही मीच लिहिलाय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. जूनमध्ये सांगितलं, सप्टेंबरमध्ये सांगितलं. तुम्ही म्हणालात, वीस मिनिटांचा गृहपाठ आहे, त्याने कुणी मरत नाही."

"वीस मिनिटांचाच आहे. प्रत्येक आठवड्याचा मी स्वतः घड्याळ लावून बघते. वर्गातल्या मध्यम मुलाला वीस मिनिटं. पंधरा वर्षं हा नियम मी सांभाळलाय. आधी काय होतं माहिती आहे? ज्याला जे वाटेल ते. पाच पानं शुद्धलेखन, दहा पाढे. तो गोंधळ मी मोडला." ताईचा आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे, शब्द फक्त सुटे सुटे होत. "आणि तू इथे काय लिहिलंयस? एका मुलीच्या एकवीस दिवसांच्या नोंदीनुसार गृहपाठाला रोज सरासरी शहाण्णव मिनिटं लागतात. शहाण्णव. समिती मला विचारणार, बाई, तुमच्याच भाचीला शहाण्णव मिनिटं लागतात, मग तुम्ही आजवर काय मोजत होता? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणाकडे बघून उत्तर देऊ?"

"मी आकडा वाढवून लिहिलेला नाही. वही आणून दाखवते."

ती खरंच वही घेऊन आली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिची बारा वर्षं गेली होती. नमुना कधी आला, यंत्रात कधी गेला, निकाल कधी निघाला, हे लिहिल्याशिवाय तिथे पान हलत नसे. घरीही तिने तेच केलं होतं. मुंगी टेबलाशी बसली की वेळ, उठली की वेळ. मध्ये पाणी प्यायला उठली तर ती मिनिटं वजा. एकवीस ओळी, तीन स्तंभ, खाली सरासरी.

ताईने वही वाचली. नीट वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग ती मिटून सासऱ्यांपुढे सरकवली.

"बाबा, तुम्हीच सांगा."

सासऱ्यांनी चष्मा लावला नाही. "मुलगी चार महिने वर्कशॉपमध्ये आलेली नाही," ते म्हणाले. "मला तेवढंच माहिती आहे."

हे त्यांनी पूर्वी कधी बोलून दाखवलं नव्हतं. संध्याकाळी काम आटपलं की पितळी वजनं मखमलीच्या पेटीत परत ठेवायची, हे मुंगीचं काम होतं. सुती हातमोजे घालून, चिमट्याने, लहानापासून मोठ्याकडे. बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलानेसुद्धा वजन वाढतं. एक ग्रॅमचं वजन तिचं लाडकं. ते खाचेत बसलं की ती "झोपलं" म्हणे. चार महिने ते सासरेच ठेवत होते.

"म्हणजे तुम्हीही तिच्याच बाजूने," ताई म्हणाली.

"मी कुणाच्या बाजूने नाही. एकच वस्तू दोन काट्यांवर घातली, एक सांगतो वीस, दुसरा सांगतो शहाण्णव. तेव्हा आपण काय करतो?" हा प्रश्न त्यांनी मुलाला विचारला.

"भांडत नाही. समोर बसून पुन्हा मोजतो," नवरा म्हणाला. त्या दुपारी त्याने बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"मग मोजा की."

सुनेला ते आवडलं नाही. पोरगी म्हणजे काही काटा नव्हे. पण ताई लगेच म्हणाली, "चालेल," आणि नको म्हणणं म्हणजे आपल्या आकड्यावर आपलाच भरवसा नाही असं झालं असतं.

टेबल पुसलं गेलं. मुंगी दप्तर घेऊन आली. गृहपाठ ताईनेच मंजूर केलेला होता: दहा वजाबाक्या आणि 'माझं घर' यावर पाच वाक्यं.

"आम्ही इथेच बसलोय," ताई तिला म्हणाली. "तू रोज करतेस तसंच कर. घाई नाही."

"कोणी बोलणार नाही ना?"

"काटा डोलत असताना आपण बोलतो का?" आजोबा म्हणाले. "श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून."

दाजींनी लगेच भिंतीकडे तोंड केलं. मुंगी थोडीशी हसली.

ताईने मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं. सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून चार मिनिटं.

मुंगीने वही उघडली नाही. दप्तरातून एक सुटा कागद काढला, वर्कशॉपमधल्या तपासणीच्या जुन्या फॉर्मची कोरी बाजू, आणि त्यावर समास आखला. सुनेने ते कागद पूर्वी अनेकदा पाहिले होते. कच्चं काम, असं तिने धरलं होतं. तिला स्वतःलाही लहानपणी कच्चं काम करायची सवय होती.

मुलगी चांगली लिहीत होती, हे बघता बघता सगळ्यांच्याच ध्यानात आलं. बोटांवर मोजत नव्हती, रेंगाळत नव्हती. सातव्या वजाबाकीत हातचा चुकला. तिला तो स्वतःलाच दिसला. तिने उत्तरावरून एक आडवी रेघ मारली, बाजूला बरोबर उत्तर लिहिलं, त्याच्या पुढे 'मुं' लिहून गोल केला आणि खाली तारीख घातली.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. तो त्यांच्या घराण्याचा नियम होता. त्यांच्या वडिलांनी एकदा औषधाच्या दुकानातल्या काट्याची नोंद खोडून वर दुसरी लिहिली, आणि मग खालचा आकडा कोणता होता हे कुणालाच सांगता येईना. त्या काट्यावर तोललेल्या पुडीने एक बाई महिनाभर अंथरुणाला खिळली. तेव्हापासून या घरात चुकीचा आकडा खोडत नसत. एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. चूक वाचता आली पाहिजे. मुंगीला हे अक्षरओळखीच्या आधीपासून येत होतं.

पाचवं वाक्य संपलं. ताईने घड्याळ उचललं.

"सतरा मिनिटं," ती म्हणाली. तिने ते विजयाने म्हटलं नाही, पण खांदे खाली आले.

सून मुलीकडे बघत होती. मुंगीने दप्तरातून दुसरा कागद काढला होता आणि पुन्हा समास आखत होती.

"झालं ना ग?" नवरा म्हणाला.

"शू," सासरे म्हणाले.

दुसऱ्या कागदावर तीच पहिली वजाबाकी. या वेळी गणितं सगळी बरोबर आली. मुंगी वाक्यांकडे वळली आणि तिचा हात हळू झाला. अक्षर काढून काढून येऊ लागलं. चौथ्या वाक्यात एक शब्द राहिला. तिने थांबून त्याच्याकडे पाहिलं, रेघ मारली, सही केली, तारीख घातली, कागद पहिल्या कागदावर ठेवला आणि डाव्या हाताने पोट दाबून उजव्या हाताने तिसरा कागद काढला.

दाजी आता भिंतीकडून वळले होते.

"मुंगे," ताई म्हणाली, "हे काय करतेस?"

"गृहपाठ."

"तो झाला की मघाशी."

"झाला नाही. चूक झाली ना." मुंगीने हे अशा आवाजात सांगितलं, जसं दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाईकाला समजावतात. "चूक झाली की पूर्ण पान परत. एक पण चूक नसलेलं आलं, की मग तेच बघून वहीत."

"असं कोणी सांगितलं?"

"वरच्या बाईंनी."

"कोणत्या वरच्या बाई? वर्गावरच्या बाईंनी?"

"त्या लाल शाईने लिहितात. हे हिरव्या शाईने आहे."

शाळेत हिरवी शाई एकच व्यक्ती वापरत असे. टेबलाभोवती हे सगळ्यांनाच माहीत होतं, एकट्या मुंगीला नसावं. ती आत गेली आणि एक बुटाचं खोकं आणि एक भरलेली जुनी वही घेऊन आली. वहीतलं पान तिला शोधावं लागलं नाही.

पानावर तीन ठिकाणी एकेक रेघ होती, शेजारी बरोबर उत्तरं, गोलातलं 'मुं', तारखा. खाली हिरव्या शाईत सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'पानावर खाडाखोड फार. चूक झाल्यास संपूर्ण पान पुन्हा लिहावे.' तारीख चार महिन्यांपूर्वीची.

ताईने वही मिटून मुखपृष्ठ पाहिलं. नावाच्या चिठ्ठीवर कागदाची एक पट्टी चिकटवल्याची खूण होती, कोपऱ्यात तिचा तुकडा अजून होता. तिने नखाने तो चाचपला.

"मी नावं झाकून वह्या बघते," ती म्हणाली. कुणाला सांगत होती ते कळलं नाही. "भाची शाळेत आली तेव्हापासून. उद्या कुणी बोट दाखवायला नको की घरच्या पोरीला वेगळा न्याय." मग, "रेघा बघून मला कळायला हवं होतं. अशा रेघा दुसरं कुठलं मूल मारेल?"

"खोक्यात काय आहे ग?" आजोबांनी विचारलं.

"चुकलेले. टाकायचे नसतात ना."

सुनेने खोकं उघडलं. कागद तारखेप्रमाणे लावलेले होते, दर दिवसाचे टाचणीने एकत्र. काही दिवशी दोन, काही दिवशी पाच. एका गुरुवारी आठ. त्या गुरुवारची नोंद तिच्या वहीतही होती, एकशे एक्केचाळीस मिनिटं, आणि शेजारी तिने कंसात लिहिलं होतं: 'एकाग्रता कमी?' तिने खोक्याचं झाकण लावलं आणि हात झाकणावरच ठेवला. एकवीस दिवस तिने स्वयंपाकघरातून वेळ घेतली होती. टेबल तिथून दिसत होतं. कागदावर काय आहे ते दिसत नव्हतं, आणि उठून बघावं असं एकदाही वाटलं नव्हतं.

"कागद मी दिले," सासरे म्हणाले. "मी वर आलो की मागायची. वर्कशॉप-वर्कशॉप खेळत असेल म्हणून मी खूश."

"मी रोज संध्याकाळी विचारायचो, झालं का," नवरा म्हणाला. "ती म्हणायची, होतंय."

"मी तर काहीच केलं नाही," दाजी म्हणाले, "पण मलाही चोरासारखं वाटायला लागलंय."

मुंगी एकेकाकडे बघत होती. "मी चुकीचं केलं का?"

"नाही," ताई आणि सून एकदमच म्हणाल्या.

दाजींनी मुंगीला खिडकीशी नेलं, रस्त्यातल्या गाड्यांचे नंबर वजा करून दाखव म्हणाले, आणि मुद्दाम चुकीची उत्तरं देऊ लागले. टेबलाशी चौघं उरली.

सुनेने अर्ज पुढे ओढला, पेन घेतलं आणि 'शहाण्णव' या शब्दावरून एक रेघ मारली.

"तो आकडा खोटा नाही," ताई म्हणाली.

"खोटा नाही. पण गृहपाठाचा नाही. गृहपाठाची सतरा मिनिटं." तिने शेजारी सतरा लिहिलं, सही केली. "तुमचं माप बरोबर होतं."

"मग आता अर्ज मागे घेणार?"

नवऱ्याने आशेने मान वर केली. त्याला हे इथे मिटायला हवं होतं. सुनेला ते त्याच्याकडे न बघताही कळलं.

"नाही," ती म्हणाली.

"सतरा मिनिटांसाठी?"

"सतराच काय, सात असती तरी. ताई, तुमच्या वर्गात बसून तिने हे पान लिहिलं असतं, आणि दुसरा कागद काढला असता, तर बाईंनी कितव्या मिनिटाला विचारलं असतं, काय ग हे?"

ताईने बुटाच्या खोक्याकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी विचारलं असतं. इथे चार महिने लागले. तुम्हाला स्वच्छ वही दिसली, बाईंना स्वच्छ वही दिसली, मला घड्याळ दिसलं. मूल कुणालाच दिसलं नाही. आणि आमच्याकडे तरी घड्याळ लावणारं कोणी होतं. माझ्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंचा मुलगा पहिलीत आहे. त्या घरी पोचतात तेव्हा तो वहीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. त्याचं काय चुकतं ते कुणी कधी बघायचं?"

"त्याच मुलांसाठी मी गृहपाठ ठेवला," ताई म्हणाली. "ज्यांच्या घरी पुस्तक उघडत नाही, त्यांच्या घरी निदान एक वही तरी उघडेल. वर्गातल्या चाळीस मुलांत त्या मुलाच्या वाट्याला बाईंची किती मिनिटं येतात, हे तू मोजलंयस?"

"नाही."

"मी मोजलंय. दिवसाला चार." ती अर्जाकडे बघत राहिली. "त्या चारात तुझं हे 'कुणी बघायचं' बसवायचं कुठे, हे मला उद्या समितीला विचारावं लागेल. सोपं नाहीये ते. वही घरी पाठवून देणं सोपं होतं." शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर तिने ते जणू स्वतःच ऐकलं. मग पिशवीतून पेन काढता काढता म्हणाली, "सतरा मिनिटं लिहून अर्ज पांगळा झाला तुझा. आत्ता बोललीस ते लिही त्यात. चार महिने आणि तीन मोठी माणसं. माझंही लिही."

"तुमचं नाव?"

"हुद्दा लिही. नाव सगळ्यांना कळेलच."

"म्हणजे उद्या तू हिच्या बाजूने बोलणार?" नवऱ्याने विचारलं.

"उद्या मी काय बोलणार ते उद्या ऐकायला ये. पालक आहेस, मागच्या बाकावर जागा असते." ताईने जुनी वही उघडली. "आणि या वेळी भाजीचं पातेलं पुढ्यात नसेल, तेव्हा कुठेतरी हात वर करावा लागेल."

नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सून खाली बघून लिहू लागली. आपण जो शब्द इतकी वर्षं उच्चारला नाही, तो नणंदेने शब्दाशिवायच उच्चारला, असं तिला वाटलं.

ताईने हिरव्या पेनचं टोपण काढलं. स्वतःच्या शेऱ्यावरून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तिने एक सरळ रेघ ओढली. पट्टी लागली नाही. हात काट्यांच्या घरातला होता. खालचा प्रत्येक शब्द वाचता येत होता. शेजारी तिने लिहिलं, 'चूक अशीच दुरुस्त करावी,' आणि आपली सही केली.

"मुंगे, इकडे ये. बघ."

मुंगी आली. तिने रेघ पाहिली, नवा शेरा पुटपुटत वाचला, सही पाहिली, मग आजोबांच्या हातातला चष्मा मागून घेतला आणि उगाच डोळ्यांना लावून परत पाहिलं.

"हे तू लिहिलं होतंस, आत्या?"

"हो. मीच."

मुंगीने थोडा विचार केला. आत्याच्या तोंडाकडे नाही, पानाकडे बघत.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

ताईने तारीख घातली. मुंगीने दुसरा, अर्धवट राहिलेला कागद खोक्यात ठेवला, पहिला कागद वहीत घातला, सातव्या गणितातल्या रेघेसकट, आणि आजोबांना विचारलं की खाली लावलेला काटा स्थिर झाला असेल का, आणि हातमोजे होते त्याच खणात आहेत ना.